खटखट! टाइपरायटरवाल्या शोल्सची गोष्ट

परीक्षेचा फॉर्म भरायला वेळ नाही, पण की-बोर्डचे ८७ स्विच एकेक करून उघडायला वेळ आहे, अशी एक जमात हल्ली आमच्या हॉस्टेलवर तयार झाली आहे. मीही त्यातलाच. शीळफाट्याला राहणाऱ्या माणसाने आवाजाबद्दल चोखंदळ असावं हा तसा विनोदच. कल्याण, महापे, मुंब्रा आणि पनवेल, चारही बाजूंचे कंटेनर रात्रभर आमच्या खिडक्यांची तावदानं वाजवत असतात. तरी रात्री दोन वाजता कुणीतरी दार ठोठावतो, की-बोर्ड माझ्या कानाशी धरतो आणि विचारतो, बघ रे, स्पेसबार अजून खडखडतोय का.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी (विशेषतः स्टाफरूममधल्या वाचकांसाठी) थोडक्यात सांगतो. मेकॅनिकल की-बोर्डच्या प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो. प्लॅस्टिकचं वरचं घर, खालचं घर, मध्ये खालीवर सरकणारा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूची पातळ पट्टी, एवढाच त्याचा संसार. दांडा खाली गेला की पट्टी टेकते आणि अक्षर उमटतं. लिनियर जातीच्या स्विचमध्ये वाटेत अडथळा नाही की टिकटिक नाही. कळ सरळ खाली जाते, सरळ वर येते. प्रवास साधारण ४ मिलिमीटरचा, अक्षर लागतं ते अर्ध्या वाटेवर, २ मिलिमीटरच्या आसपास. अडथळा नाही म्हणूनच बारीकशी खरखरसुद्धा बोटाला कळते. मग आम्ही ती घरं उघडतो, दांड्याच्या कडांना ब्रशने ग्रीसचा पातळ हात देतो, स्प्रिंगा पिशवीत घालून तेलाच्या दोन-चार थेंबांत घोळवतो म्हणजे त्यांची किणकिण जाते, दोन घरांच्या मध्ये पातळ फिल्म घालतो म्हणजे ती डुगडुगत नाहीत, आणि की-बोर्डच्या पोटात फोम भरतो. कुणाला ४५ ग्रॅमची स्प्रिंग आवडते, कुणाला ६५ ची. ग्रीस जास्त झालं की कळ चिखलातून पाय काढावा तशी वर येते. सगळं कौशल्य त्या वर येण्यात आहे. खाली काय, बोट दाबतंच!

ही वर येण्याची कटकट ज्याच्या आयुष्याला पुरून उरली त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. ख्रिस्तोफर लॅथम शोल्स. जनरल नॉलेजच्या पुस्तकात टाइपरायटरचा जनक म्हणून तो एका ओळीत आटोपतो. खरं तर त्याच्याआधी निदान पन्नासेक जणांनी लिहिण्याची यंत्रं करून पाहिली होती, त्यामुळे जनक वगैरे शब्द जरा जपूनच वापरावा. पण ज्या यंत्रापासून आपल्या बोटांखालच्या कळांची वंशावळ अखंड सांगता येते, ते यंत्र शोल्सचं.

जन्म १४ फेब्रुवारी १८१९, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मूर्सबर्ग नावाच्या गावी. (हो, १४ फेब्रुवारी. आमच्या मजल्यावर या तारखेला शोल्स जयंती साजरी करण्याला पर्याय नसतो.) चौदाव्या वर्षी तो छापखान्यात उमेदवारीला लागला. म्हणजे जुळारी झाला. शिशाचे बारीक खिळे खणांमधून उचलायचे, उलटे जुळवायचे, ओळ भरली की आवळायची, छापून झालं की पुन्हा सगळे खिळे आपापल्या खणात टाकायचे. ज्याने पुढे अक्षरं आपणहून जागेवर येतील असं यंत्र केलं, त्याने कोवळ्या वयातली चार वर्षं अक्षरं हाताने वेचण्यात घालवली होती.

१८३७ मध्ये तो भावाच्या मागोमाग विस्कॉन्सिनला गेला. तो भाग तेव्हा राज्यसुद्धा झालेला नव्हता. तिथे त्याने वर्तमानपत्रं चालवली, लग्न केलं, पुढे दहा मुलं झाली आणि राजकारणात पडला. राज्याच्या सिनेटमध्ये आणि विधानसभेत तो निवडून गेला होता. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण टाइपरायटरच्या गडबडीत ती नेहमी राहून जाते. १८५१ मध्ये केनोशा गावात एका कैद्याला हजारो लोकांच्या समोर फाशी दिलं गेलं. शोल्स तिथल्याच वर्तमानपत्राचा संपादक. त्याने फाशीच्या शिक्षेविरुद्ध लेखणी उचलली, विधानसभेत जाऊन त्यासाठी भांडला आणि १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने ही शिक्षाच रद्द केली. त्यानंतर त्या राज्याने कुणालाही फाशी दिलेली नाही. माझ्या मते त्याने दुसरं काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. पण स्वभाव भिडस्त, शरीर किरकोळ, पैशाची समज बेताचीच. राजकारणात असा माणूस किती टिकणार? लिंकनच्या काळात त्याला मिलवॉकी बंदरात कस्टम्स कलेक्टरची नोकरी मिळाली आणि संध्याकाळ मोकळी झाली.

ही मोकळी संध्याकाळ तो घालवायचा क्लाइनस्टूबर नावाच्या गृहस्थाच्या वर्कशॉपमध्ये. शहरातल्या सगळ्या हौशी संशोधकांचा तो अड्डा होता. प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी किडा. कार्लोस ग्लिडन नावाचा वकील तिथे यांत्रिक नांगर करत होता. शोल्स आणि त्याचा छापखान्यातला मित्र सॅम्युअल सूल हे तिकिटांवर आणि वह्यांच्या पानांवर ओळीने आकडे छापणारं यंत्र करत होते. त्याचं पेटंट त्यांना १८६६ मध्ये मिळालं. ग्लिडनने ते यंत्र पाहिलं आणि विचारलं, आकडे छापता येतात तर अक्षरं का नाही? बाहेरचा परीक्षक व्हायव्हाला एखादा साधा प्रश्न टाकून निघून जातो आणि आपण वर्षभर त्यावर विचार करत बसतो, तसा हा प्रश्न.

१८६७ च्या जुलैमध्ये सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकात जॉन प्रॅट नावाच्या माणसाच्या लेखनयंत्राबद्दल मजकूर आला. तो वाचून शोल्सला वाटलं की हे याहून सोपं होऊ शकेल. मग त्याने जे केलं ते मला फार आवडतं. अख्खं यंत्र करायला तो बसला नाही. त्याने एकच कळ केली.

तार खात्यात संदेश पाठवायला जी दाबपट्टी असते ती घेतली. दाबल्यावर तिचा दांडा खालून वर ठोकर मारेल अशी ती बसवली. दांड्याच्या टोकावर पितळेत कोरलेलं एकच अक्षर, डब्ल्यू. वर काचेचा तुकडा, काचेला टेकवलेला पातळ कागद आणि कार्बन पेपर. कार्बन पेपर तेव्हा सर्रास मिळत नसे. मिलवॉकीच्या तार कचेरीत चार्ल्स वेलर नावाचा तरुण होता, त्याच्याकडून शोल्सने तो मागून आणला. वेलरला बोलावून त्याने एका हाताने कागद हळूहळू सरकवला आणि दुसऱ्या हाताने कळ दाबत राहिला. डब्ल्यू, डब्ल्यू, डब्ल्यू. स्वच्छ, एका ओळीत.

आमच्यातले हौशी लोक नवा की-बोर्ड घेण्याआधी एकेक सुटा स्विच विकत आणतात आणि लेक्चरला खिशात ठेवून दाबत बसतात. जगातला पहिला असा सुटा स्विच म्हणजे शोल्सचा तो डब्ल्यू. दीडशेहून अधिक वर्षं झाली, पण पद्धत तीच. आधी एक कळ बरोबर जमली पाहिजे, बाकीच्या तिच्या नकला.

पुढची कामं झपाट्याने झाली. त्याच वर्कशॉपमध्ये मथायस श्वालबाख नावाचा घड्याळजीच्या हाताचा कारागीर होता, त्याने सुटे भाग घडवले. १८६७ च्या शरद ऋतूत पहिलं यंत्र चालू लागलं आणि २३ जून १८६८ रोजी शोल्स, ग्लिडन आणि सूल या तिघांच्या नावाने पेटंट मिळालं. दिसायला ते यंत्र लाकडी टेबलावर ठेवलेल्या छोट्या पियानोसारखं होतं, कळासुद्धा पियानोच्याच धर्तीच्या. वर चौकटीत आडवा ताणलेला पातळ कागद आणि खालून येऊन आपटणारी अक्षरं. जाड कागद चालायचा नाही. सबमिशनला दाखवण्यापुरतं चालतं, नंतर कुणी हात लावायचा नाही, अशा जातीचा प्रोजेक्ट.

आता पैसा हवा. शोल्सने ओळखीच्या लोकांना त्याच यंत्रावर टाइप केलेली पत्रं पाठवली. त्यातलं एक जेम्स डेन्समोरला गेलं. हा शोल्सच्या बरोबर उलट माणूस. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, भांडखोर, कट्टर शाकाहारी, कच्ची सफरचंदं खाऊन राहणारा. (आमच्या मेसमध्ये तो टिकला असता.) त्याने यंत्र न पाहताच पाव हिस्सा विकत घेतला आणि तोवर झालेला ६०० डॉलर खर्च भरून टाकला. १८६८ च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र म्हणाला की तत्त्व बरोबर आहे हे दाखवण्यापलीकडे या यंत्राचा काही उपयोग नाही. सूल आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले. राहिले दोघे, एक करणारा आणि एक करवून घेणारा.

डेन्समोरने सगळ्यात शहाणपणाचं काम केलं ते म्हणजे यंत्रं वापरणाऱ्यांच्या हातात दिली. वॉशिंग्टनला जेम्स क्लेफेन नावाचा कोर्टातला लघुलेखक होता. दिवसभर साक्षी उतरवायच्या आणि रात्री त्या सुवाच्य लिहून काढायच्या, हा त्याचा धंदा, त्यामुळे वेगाने लिहिणारं यंत्र त्याला मनापासून हवं होतं. पण हात असा दणकट की पाठवलेलं प्रत्येक यंत्र काही दिवसांत मोडून परत, सोबत दोषांची लांबलचक यादी. शोल्सने दुरुस्त करून दुसरं पाठवायचं, क्लेफेनने तेही मोडायचं. एकामागून एक डझनावारी नमुने असे झाले. शोल्स वैतागला, आता आणखी करणार नाही म्हणाला. डेन्समोरने त्याची समजूत घातली, की हे दोष आज क्लेफेनने काढले नाहीत तर उद्या गिऱ्हाईक काढेल, आणि गिऱ्हाईक पत्र लिहीत बसणार नाही.

या यादीतला मुख्य दोष कोणता होता ते नीट समजावून घेऊ या, कारण इथेच आपला विषय आहे. शोल्सच्या यंत्रात अक्षरांचे दांडे एका वर्तुळात, टोपलीच्या कडेला टांगल्यासारखे लटकत. कळ दाबली की तार ओढली जाई आणि तो दांडा झोका घेऊन वर, वर्तुळाच्या मध्यावर, कागदाच्या पोटावर आदळे. इथवर छान. पण परत कसा येणार? आपल्या वजनाने खाली पडून. म्हणजे परतीचा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. मिनिटाला ६० शब्दांचा वेग धरा आणि शब्दाला ५ अक्षरं धरा. म्हणजे मिनिटाला ३०० ठोके, सेकंदाला ५. एका दांड्याला जाऊन यायला ०.२ सेकंद. पहिला अजून खाली पडतोय तोवर शेजारचा वर निघाला की दोघांची मध्यावर टक्कर, आणि दांडे एकमेकांत अडकले. मग बोटं काळी करून ते सोडवा.

आमच्याकडे एखादी कळ आळसावली तर आम्ही ४५ ची स्प्रिंग काढून ६५ ची घालतो, दहा मिनिटांचं काम. शोल्सला परतीचा जोर बदलण्याची ही सोय नव्हती. गुरुत्वाकर्षण कुठल्याच दुकानात जास्त ग्रॅमचं मिळत नाही! मग त्याने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केले. सांध्यांमधली घासाघीस कमी कर, दांड्यांची लांबी आणि वजन बदल, पियानोच्या लांब पट्ट्या काढून बटणासारख्या छोट्या कळा तीन-चार रांगांत बसव, ताणलेल्या कागदाऐवजी गोल रूळ आण. प्रत्येक बदलाने कळ थोडी हलकी झाली, थोडी लवकर परत येऊ लागली.

आणि त्याने अक्षरांच्या जागा बदलल्या. सुरुवातीला त्या बऱ्याचशा वर्णानुक्रमे होत्या. खात्री करायची असेल तर आत्ता समोरचा की-बोर्ड बघा. मधल्या रांगेत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरं अजून ओळीने उभी आहेत, मधला ई आणि आय तेवढे वरच्या मजल्यावर राहायला गेले. पुढे काही वर्षांच्या उलथापालथीतून क्वर्टी ही मांडणी तयार झाली. नेहमी सांगितलं जातं ते असं, की जोडीने येणारी अक्षरं लांब ठेवली म्हणजे दांडे अडकणार नाहीत, हा तिचा हेतू. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. कारण ई आणि आर ही इंग्रजीतली भयंकर लाडकी जोडी, आणि ती तर शेजारी शेजारी बसली आहे. क्योटो विद्यापीठाच्या यासुओका या संशोधक जोडीने २०११ मध्ये वेगळंच मांडलं. त्यांच्या मते ही मांडणी तार उतरवून घेणाऱ्यांच्या सोयीने घडत गेली. अमेरिकन मोर्समध्ये झेड आणि एस-ई यांचा कानाला घोटाळा होतो, म्हणून ती तिन्ही अक्षरं जवळ. शोल्सची पहिली कळच तारेची होती हे लक्षात घेतलं तर मला हे पटतं. बहुधा दोन्ही कारणं थोडी थोडी असावीत. वापरणारे तक्रार करत गेले आणि तो बदलत गेला.

क्लेफेनबद्दल आणखी एक. टाइपरायटर मनासारखा झाल्यावर हा गृहस्थ गप्प बसला नाही. छापखान्यातले खिळे जुळवायचं कामही यंत्राने व्हावं म्हणून तो आणखी एका कारागिराच्या मागे लागला. त्यातून ओटमार मर्गेनथालरचं लायनोटाइप आलं आणि ते १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात चालू झालं. याच खिळे पाडण्याच्या यंत्रांच्या शर्यतीत पुढे आपला एक मुंबईकर उतरला. शंकर आबाजी भिसे. त्यांनी लंडनला जाऊन दादाभाई नौरोजींच्या मदतीने आणि पुढे टाटांच्या पैशावर जलद खिळे पाडणारी यंत्रं केली आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला देह ठेवला. भिशांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, म्हणजे शोल्सने डब्ल्यू ठोकला त्याच्या जेमतेम तीन महिने आधीचा. त्यांच्यावर खरं तर वेगळा लेख हवा. असो.

१ मार्च १८७३ रोजी ई. रेमिंग्टन अँड सन्स या कंपनीशी करार झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावची ही कंपनी बंदुका करायची. यादवी युद्ध संपल्यावर बंदुकांची मागणी बसली, म्हणून ती शिलाई मशिनंही करू लागली होती. तिच्याकडे शोल्सजवळ नव्हतं ते होतं, म्हणजे अचूक माप, एकसारखे सुटे भाग आणि यंत्र जुळवून देणारे पट्टीचे कारागीर. शिलाई मशीनवाल्यांनीच टाइपरायटरला हात लावल्याने त्यालाही तोच पोशाख मिळाला. काळ्या पत्र्यावर रंगीत फुलं, खाली लोखंडी पाय आणि पायटा! पायटा दाबला की कॅरेज मागे यायची. १८७४ मध्ये ते १२५ डॉलरला बाजारात आलं. फक्त कॅपिटल अक्षरं, शिवाय अक्षर खालून उमटत असल्याने आपण काय लिहिलं ते तीन-चार ओळी पुढे गेल्याशिवाय दिसत नसे. मार्क ट्वेनने एक घेतलं होतं आणि पुढे तो त्याला कंटाळला. पहिल्या चार-पाच वर्षांत सुमारे ५,००० यंत्रं खपली. १८७८ मध्ये शिफ्टची कळ आणि लहान लिपी घेऊन दुसरं मॉडेल आलं, तेव्हा कुठे धंद्याने जोर धरला.

या जोरात शोल्सचा वाटा किती? त्याने आपले हक्क विकून टाकले होते. १२,००० डॉलरला, असं बहुतेक चरित्रांत सांगितलेलं असतं. डेन्समोरने मात्र एकरकमी घेण्याऐवजी प्रत्येक यंत्रामागे रॉयल्टी घेतली आणि तो श्रीमंत झाला. आमच्या रूमवर यावर वाद झाला होता. एकाचं म्हणणं, शोल्स भोळा. माझं मत वेगळं आहे. सहा वर्षं मोडकी यंत्रं दुरुस्त केलेल्या, दहा मुलांच्या बापाला, आपण केलेली वस्तू कधी खपेल याची खात्री नसताना, समोरची रोख रक्कम घ्यावीशी वाटली तर त्यात भोळेपणा कसला? डेन्समोरला त्या यंत्राची किंमत दिसत होती, शोल्सला त्यातले दोष दिसत होते. स्वतः केलेल्या वस्तूचे दोष ज्याला पाठ असतात त्याला ती चढ्या भावाने विकणं जड जातं. स्वतः ल्यूब केलेले स्विच विकायला काढून बघा, म्हणजे कळेल.

यंत्र मात्र जगभर गेलं आणि आपल्याकडेही आलं. देवनागरी टाइपरायटरवर मराठी बसवताना कळांची ओढाताण इंग्रजीपेक्षा वाईट, कारण आपली अक्षरं, जोडाक्षरं आणि मात्रा कळांच्या संख्येत मावतच नाहीत. मग ख, घ, भ अशी अक्षरं अर्धी मारून पुढे काना ठोकायचा, आणि काही चिन्हांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज जागची हलायची नाही, अशा युक्त्या आल्या. ती रेमिंग्टन मांडणी आज कॉम्प्युटरवरही अनेक मराठी टंकलेखक वापरतात. सरकारी लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची अट असते, आणि ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील किंवा मामा-मावश्या टायपिंग क्लासच्या बाकावर बसलेले आहेत. घरी विचारून बघा. कुठली मशीन हलकी आणि कुठली जड, हे त्यांना अजून आठवतं, आणि हलकी मशीन पकडायला क्लासला लवकर जायचं हेही आठवतं. मशीनखाली जाड फेल्ट घातलं की आवाज मऊ होतो, रूळाचं रबर वयाने कडक झालं की ठोका कर्कश होतो, हे ज्ञान त्या पिढीला फोमवाल्यांच्या कितीतरी आधी होतं. १९५५ मध्ये गोदरेजने मुंबईत पहिला भारतीय टाइपरायटर बनवला. त्यांचा टाइपरायटर कारखाना पुढे पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला होता आणि तिथलं उत्पादन २००९ मध्ये थांबलं. २०११ मध्ये शिल्लक माल संपत आल्याची बातमी आली तेव्हा ती जगभर छापली गेली.

पुन्हा मिलवॉकीला येतो. हक्क विकले तरी शोल्सचा हात थांबला नाही. त्याची मुलगी लिलियन वडिलांच्या यंत्रावर टाइप करत बसलेली आहे असा १८७२ चा फोटो आहे. टाइपरायटरपुढे बसलेल्या बाईचे जे अगदी पहिले फोटो, त्यातला तो. १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या वायडब्ल्यूसीएने मुलींसाठी टायपिंगचा वर्ग सुरू केला आणि बघता बघता कचेऱ्यांमध्ये बायकांना पगाराची खुर्ची मिळाली. आपल्या कामातलं हेच शोल्सला सर्वांत मोलाचं वाटत असे, बायकांना पोटापाण्याचा एक सोपा मार्ग झाला याचं.

त्याला क्षय होता. शेवटची वर्षं बरीचशी अंथरुणात गेली. अंथरुणात बसून तो नवीन नमुने काढत राहिला, लहान यंत्र, हलकं यंत्र, लिहिलेलं लगेच डोळ्यांसमोर दिसेल असं यंत्र. मुलांपैकी लुई याच धंद्यात पडला होता. जी वस्तू हातातून गेली आहे, जिचा एक पैसाही आता मिळणार नाही, तिच्यावर माणूस इतकी वर्षं का काम करतो, हे मला आधी कळत नव्हतं. हॉस्टेलवर सातव्यांदा तोच स्पेसबार उघडणारे लोक पाहिल्यापासून थोडं थोडं कळतं.

१८८९ मध्ये, म्हणजे मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने आणखी एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या यंत्रावर क्वर्टी नव्हती. अक्षरांची मांडणी त्याने मुळापासून वेगळी केली होती. १७ फेब्रुवारी १८९० रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले असताना, तो मिलवॉकीत वारला. तिथल्या फॉरेस्ट होम दफनभूमीत त्याला पुरलं. त्या शेवटच्या यंत्राचं पेटंट मंजूर होऊन आलं १८९६ मध्ये. तोवर रेमिंग्टनची हजारो यंत्रं आणि ती शिकवणारे वर्ग जुन्याच मांडणीवर चालू होते, आणि नवी मांडणी कुणी वापरून पाहिली नाही.